फुकट ते पौष्टिक?

(तृतीय वर्ष, कला)

सत्र परीक्षेचा शेवटचा पेपर संपला त्या रात्री आमच्या वसतिगृहात मोठे भांडण झाले. भांडणाचे कारण मेसमधली आमटी नव्हती, की क्रिकेटचा सामनाही नव्हता. कारण होता एक समुद्री चाचा. दोन खाटा एकमेकींना जोडून, त्यांवर आठ देह कसेबसे कोंबून, एका लॅपटॉपच्या वीतभर पडद्यावर आम्ही ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या मालिकेतला दुसरा चित्रपट, ‘डेड मॅन्स चेस्ट’, पाहिला. अडीच तासांनी तो संपला. संपला म्हणजे काय, ऐन मोक्याच्या क्षणी तुटला! नायक एका अजस्र सागरी प्राण्याच्या जबड्यात, नायिका अपराधी चेहऱ्याने गप्प, आणि पहिल्या भागात मेलेला खलनायक जिना उतरून हसत हसत समोर हजर! दिवा लागला आणि आठ जणांची नऊ मते बाहेर पडली.

एकाचे म्हणणे, “ही शुद्ध फसवणूक आहे. अर्धा सिनेमा दाखवायचा आणि उरलेल्या अर्ध्याचे वेगळे पैसे मागायचे.” दुसऱ्याला घरंगळत जाणाऱ्या पाणचक्कीच्या चाकावरची तिघांची तलवारबाजी इतकी आवडली होती की चित्रपटात बाकी काही नसते तरी त्याची तक्रार नव्हती. इंग्रजी विषय घेतलेल्या आमच्या विद्वान मित्राने, पहिल्या भागातला खट्याळपणा हरवला असून आता नुसता गोंगाट उरला आहे, असा निकाल दिला. तेवढ्यात कोपऱ्यातून एक आवाज आला, “पैसे मागतात म्हणून ओरडतोस, पण तू दिलेस कधी?”

खोलीत एकदम सामसूम झाली. प्रश्न त्याला विचारला होता, पण पेन ड्राइव्ह माझा होता.

त्या सामसुमीतून हा लेख जन्माला आला आहे. तेव्हा वाचकहो, मी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून लिहीत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यातून लिहीत आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

प्रथम चित्रपटाविषयी. पहिला भाग २००३ साली आला, तेव्हा त्याच्याकडून कोणाच्याच फार अपेक्षा नव्हत्या. डिस्नेलँडमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या एका पाळण्यावजा सफरीवरून काढलेला चित्रपट तो काय असणार! पण जॉनी डेपने रंगवलेला झोकांड्या खाणारा, डोळ्यांत काजळ घातलेला कॅप्टन जॅक स्पॅरो जगाला इतका भावला की त्या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. मग दुसरा भाग येणे ओघानेच आले. ७ जुलै २००६ रोजी तो अमेरिकेत लागला आणि पहिल्या तीनच दिवसांत त्याने तिथे साडेतेरा कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला. तोपर्यंतचा तो विक्रम होता. पुढे जगभरातून त्याने १०६ कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली. समीक्षक मात्र नाराज होते. कथानकाचा गुंता फार, लांबी फार आणि शेवट अधांतरी, असे त्यांचे आक्षेप होते. म्हणजे आमच्या खाटांवरचे भांडण काही नवे नव्हते. ते जगभर एकदा होऊन गेले होते.

आक्षेपांत तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. दिग्दर्शक गोर व्हर्बिन्स्कीने दुसरा आणि तिसरा भाग एकत्रच हाती घेतले होते, त्यामुळे दुसऱ्याला स्वतःचा असा शेवटच नाही. पण या गोंगाटाच्या तळाशी एक गोष्ट आहे आणि ती मला पहिल्या भागापेक्षाही मोलाची वाटते. ती गोष्ट कर्जाची आहे.

जॅक स्पॅरोचे लाडके जहाज, ‘ब्लॅक पर्ल’, एकदा समुद्राच्या तळाशी गेले होते. ते वर काढून दिले डेव्ही जोन्सने. हा सागराचा सावकारच म्हणायचा. करार असा झाला की तेरा वर्षे जॅकने कप्तानकी भोगावी आणि नंतर शंभर वर्षे जोन्सच्या जहाजावर राबावे. तेरा वर्षे संपतात. जॅकच्या तळहातावर काळा डाग उमटतो. मग हा बहाद्दर काय करतो? आधी कायद्याचा कीस काढतो की, दोन वर्षांनी जहाज माझ्याकडून पळवले गेले, तेव्हा मी तेरा वर्षे कप्तान नव्हतोच मुळी! ते चालत नाही असे दिसताच तो घासाघीस करतो. माझ्या एका जिवाऐवजी शंभर जीव आणून देतो, चालेल? आणि त्या शंभरांतला पहिला म्हणून स्वतःच्या मित्राला, विल टर्नरला, तो तारण ठेवून मोकळा होतो. उरलेले नव्याण्णव जमवण्यासाठी टोर्टुगाच्या गुत्त्यात भरती सुरू होते. रांगेत उभ्या असलेल्या बिचाऱ्यांना वाटते, आपल्याला खलाशाची नोकरी मिळते आहे. आपण दुसऱ्याच्या कर्जाचा हप्ता आहोत, हे त्यांच्या गावीही नसते.

त्या प्रसंगाला आम्ही पोट धरधरून हसलो होतो. पण कोपऱ्यातला तो प्रश्न ऐकल्यावर मला वाटले, अरे, टोर्टुगाच्या गुत्त्यात बसलेला तो जॅक म्हणजे आपणच की! जहाज आपण वापरले. डाग आपल्या हातावर उमटला. आणि हप्ता म्हणून आपण भलत्यालाच पुढे केले. आता तो भलता कोण, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी ‘चाचा’ या शब्दाचा निकाल लावणे भाग आहे, कारण त्या शब्दातच आपली गंमत होते. चित्रपटाची चोरटी प्रत काढण्याला इंग्रजीत ‘पायरसी’ म्हणतात. हा शब्द आजकालचा नव्हे. दुसऱ्याचे पुस्तक परवानगीवाचून छापणाऱ्याला तिकडे सतराव्या शतकापासून चाचा म्हणत आले आहेत. इंग्लंडमध्ये लेखकाचा हक्क मान्य करणारा कायदा १७१० साली अमलात आला, आणि ब्लॅकबिअर्ड हा कॅरिबियनमधला कुप्रसिद्ध चाचा मारला गेला १७१८ साली. म्हणजे जहाजे लुटणारे चाचे आणि पुस्तके लुटणारे चाचे एकाच काळात नांदत होते. फरक इतकाच की पहिल्यांवर कादंबऱ्या आणि चित्रपट निघाले, दुसऱ्यांवर फक्त खटले भरले गेले.

आपल्या कोकणच्या माणसाला हा शब्द आणखी एका कारणाने बोचतो. आमच्या अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर कुलाबा किल्ला दिसतो. ओहोटीला चालतही जाता येते. त्या किल्ल्यावरून समुद्रावर हुकमत चालवणाऱ्या सरखेल कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांच्या कागदपत्रांत सर्रास चाचा म्हटलेले आहे. कान्होजींचा गुन्हा कोणता? तर आपल्या दर्यातून जाणाऱ्या गलबतांनी आपला दस्तक घ्यावा, असे ते म्हणत. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. विशेष म्हणजे याच चित्रमालिकेच्या २००७ सालच्या तिसऱ्या भागात जगभरच्या नऊ चाचे-सरदारांची सभा भरते, तिच्यात हिंदी महासागराचा प्रतिनिधी म्हणून ‘सुंभाजी’ नावाचा एक फेटेवाला येतो. कान्होजींच्या मुलाचे नाव संभाजी आंग्रे होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या काळजात तिथे कळ उठल्यावाचून राहत नाही. बहुतेक वेळ त्याच्या वतीने दुसरेच बोलतात आणि अखेर तो स्वतः बोलतो ते चिरक्या आवाजात, प्रेक्षकांना हसवण्यापुरते! आपल्या इतिहासातले एक नाव त्यांनी असे परस्पर उचलले. त्यासाठी कोणाचा दस्तक घेतला?

तेव्हा कोणी कोणाला चाचा म्हणावे, हे बहुधा ज्याच्या हाती लेखणी आणि तोफ त्यानेच ठरवलेले असते, ही गोष्ट खरी. दुसऱ्या भागातला खलनायकही ईस्ट इंडिया ट्रेडिंग कंपनीचा माणूस आहे, आणि चाच्यांपेक्षा हा व्यापारी अधिक निर्दय आहे असेच चित्रपट सुचवतो. त्यामुळे कोणी आपल्याला चाचा म्हटले की आपल्याला राग येत नाही, उलट छाती फुगते. स्वीडनमध्ये २००३ साली निघालेल्या एका संकेतस्थळाने तर ‘पायरेट बे’, म्हणजे चाच्यांची खाडी, हेच नाव अभिमानाने घेतले. ३१ मे २००६ रोजी तिथल्या पोलिसांनी छापा घालून त्याची यंत्रे उचलून नेली. तीन दिवसांत ते स्थळ पुन्हा सुरू झाले! त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी ‘डेड मॅन्स चेस्ट’ पडद्यावर आला. पडद्यावर चाच्याचा जयजयकार चालू असताना पडद्यामागे चाच्यांशी लढाई चालू होती. २००९ साली त्या संकेतस्थळाशी संबंधित चौघांना एकेक वर्षाची कैद आणि मिळून तीन कोटी क्रोनर भरपाईची शिक्षा झाली. अपिलात कैद कमी झाली आणि भरपाई वाढली.

पण कान्होजींचे नाव घेऊन आपल्या पेन ड्राइव्हचे समर्थन करता येईल का? माझे उत्तर, नाही. कान्होजी स्वतःच्या मुलखाच्या पाण्याचा हक्क मागत होते आणि त्यासाठी स्वतःचे शिर तळहातावर घेऊन उभे होते. आपण खाटेवर लोळत दुसऱ्याच्या श्रमाचे फळ खात होतो. आपण पणाला लावले काय, तर फारतर रोजचा दोन जीबी डेटा! तेव्हा इतिहासपुरुषांना या भानगडीत न ओढलेले बरे.

आता आपल्या बाजूचे युक्तिवाद पाहू. त्या रात्री ते सगळे मांडले गेले. मीही मांडले.

पहिला युक्तिवाद असा की, एवढ्या अब्जाधीश कंपनीला आपल्या आठ तिकिटांनी काय फरक पडणार? हा युक्तिवाद दिसतो तितका पोकळ नाही. चाचेगिरी ऐन भरात असताना याच चित्रपटाने १०६ कोटी डॉलर मिळवले, हे मी वरच सांगितले. देवमाशाच्या अंगावरून आठ कोळंब्या गेल्या तर त्याला समजणारही नाही. पण चोरटी प्रत देवमासा आणि मांदेली असा भेद करीत नाही. ज्या जाळ्यात हॉलिवूडचा चित्रपट सापडतो, त्याच जाळ्यात ज्याने घर गहाण टाकून पहिला मराठी चित्रपट काढला त्याचाही सापडतो. मोठा त्यातून तरतो. लहान्याला पुढचा चित्रपट काढता येत नाही.

याचे उदाहरण चित्रपटाच्या बाल्यावस्थेतच घडले आहे. जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगाराने १९०२ साली ‘चंद्रावरची सफर’ हा चित्रपट काढला. चंद्राच्या डोळ्यात घुसलेले ते अग्निबाण आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिले आहे. अमेरिकेत त्याला तुफान गर्दी झाली, पण पैसा मेलिएसच्या पदरात पडला नाही. कारण एडिसनसारख्या थोर संशोधकाच्या कंपनीने आणि इतरांनीही त्याच्या परस्पर प्रती काढून त्या विकल्या होत्या. आपले हक्क राखण्यासाठी पुढच्या वर्षी मेलिएसला आपल्या भावाला न्यूयॉर्कला धाडावे लागले. पाचशेहून अधिक चित्रपट काढणारा हा कलावंत अखेर पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनात खेळण्यांचे दुकान मांडून बसला. केवळ चोरट्या प्रतींमुळे तो बुडाला, असे मी म्हणणार नाही. लोकांची अभिरुची बदलली होती, महायुद्ध आले होते, व्यवहारही त्याला साधला नव्हता. पण बुडत्याच्या पायाला बांधलेल्या धोंड्यांत हा एक धोंडा होता. आणि इथे चोरणारा गरीब विद्यार्थी नव्हता, श्रीमंत कारखानदार होता, हेही ध्यानात ठेवावे. फुकटेपणा ही काही गरिबांची मिरास नाही.

दुसरा युक्तिवाद हा की, तिकिटे परवडत नाहीत आणि गावाकडे चित्रपटगृहच उरलेले नाही. हा खरा, आणि तो माझ्या घरातलाच आहे. माझे मामा तालुक्याच्या गावी एका चित्रपटगृहात ऑपरेटर होते. प्रोजेक्टरच्या खोलीतल्या झरोक्यातून त्यांनी अर्धे आयुष्य पडद्याकडे आणि त्याहून जास्त प्रेक्षकांकडे पाहिले. ते चित्रपटगृह बंद पडून बरीच वर्षे झाली. आता त्याच्या आवारात लग्ने लागतात.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मोठ्या उत्साहाने मामांना माझ्या मोबाइलवर एक नवा मराठी चित्रपट दाखवायला घेतला. कोणीतरी चित्रपटगृहात बसून चोरून टिपलेली प्रत होती ती. चित्र किंचित तिरके, रंग विटलेले, आणि मधूनच एक डोके उठून पडद्यासमोरून चालत जायचे. मामा म्हणाले, “हा बाहेर निघाला बघ, ह्याला गाणं आवडलं नाही.” पुढे एका विनोदाला त्या प्रतीतले प्रेक्षक हसले. मामांनी मोबाइल कानाशी नेला, तो प्रसंग मला पुन्हा लावायला सांगितला आणि म्हणाले, “हसण्यावरून तीस-चाळीस माणसं वाटतात. एवढ्या मोठ्या थेटरात तीस-चाळीस.” मग जरा थांबून म्हणाले, “त्यांच्या तिकिटावर आपण सगळे बघतोय होय रे?”

त्यांच्या स्वरात राग नव्हता. हिशेब होता. चाळीस वर्षे ज्यांनी गर्दी आवाजावरून मोजली, त्या कानांनी त्या दिवशी रिकाम्या खुर्च्या मोजल्या. मी चित्रपट बंद केला. मामांचे चित्रपटगृह फक्त चोरट्या प्रतींनी बंद पाडले, असेही मी म्हणणार नाही. आधी घरोघरी दूरदर्शन आले, मग व्हिडिओ आला, मग केबल आली. मालकाच्या मुलांना जागेची किंमत कळली. पण टोर्टुगाच्या रांगेत उभ्या केलेल्या त्या बिचाऱ्यांत माझा मामा होता, आणि त्याला रांगेत मीच उभे केले होते. भलता कोण, या प्रश्नाचे उत्तर मला असे घरात मिळाले.

ही रांग लांब आहे. डेव्ही जोन्सच्या चेहऱ्यावर वळवळणाऱ्या त्या ऑक्टोपसच्या दाढीचेच पाहा. बिल नाय या नटाने साध्या करड्या कपड्यांत, अंगावर खुणांचे ठिपके लावून अभिनय केला आणि संगणकावर बसलेल्या कारागिरांनी त्यावर तो संपूर्ण चेहरा घडवला. त्या कामाला ऑस्कर मिळाले. पण त्या कारागिरांची नावे शेवटच्या श्रेयनामावलीत येतात, आणि आमच्या प्रतीत ती कापलेली होती! जागा वाचवण्यासाठी कोणीतरी नेमके तेवढेच छाटले होते. ज्याचा चेहरा आपण दीड तास डोळे विस्फारून पाहतो, तो घडवणाऱ्याचे नाव वाचण्याचीही आपली तयारी नाही. पैशांची गोष्ट तर दूरच.

आता थोडे धोक्यांविषयी. नीतीची गोष्ट पटत नसेल त्याने निदान स्वार्थाची ऐकावी. व्हिडिओच्या कॅसेटी घरोघर शिरल्या तेव्हा, १९८४ साली, १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षा कडक झाल्या. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला सर्वसाधारणपणे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायदाही बदलला. चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्याला किंवा तशी प्रत पसरवणाऱ्याला आता कमीत कमी तीन महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, शिवाय कमीत कमी तीन लाख रुपये दंड आहे. हा दंड चित्रपटाच्या निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. म्हणजे वर्गाच्या गटावर ‘घ्या मित्रांनो’ म्हणून दुवा टाकणारा आपला दानशूर मित्र वाटतो तितका सुरक्षित नाही. अर्थात चोर दर वेळी प्रेक्षकच असतो असेही नाही. २०१६ साली ‘उडता पंजाब’ प्रदर्शनापूर्वीच बाहेर फुटला आणि फुटलेल्या प्रतीवर ती परीक्षण मंडळासाठी असल्याची खूण होती. कुंपणानेच शेत खाल्ल्याचा हा प्रकार.

दुसरा धोका आपल्या खिशातला आहे. आमच्याच वर्गातल्या एकाने अशा एका स्थळावरून चित्रपट पाहायला घेतला. आधी तीन जाहिराती आल्या, मग ‘चित्रपट दिसण्यासाठी हे ॲप उतरवा’ अशी सूचना आली. त्याने ते उतरवले. ॲपने संदेश वाचण्याची परवानगी मागितली. नायक-नायिकेला भेटण्याच्या घाईत त्याने तीही दिली. चित्रपट काही दिसला नाही. पण चौथ्या दिवशी त्याच्या खात्यातली शिष्यवृत्तीची सगळी रक्कम गेली. बँकेचा सांकेतिक आकडा मोबाइलवर आला तो त्याच्याआधी दुसऱ्यानेच वाचला होता. तो तक्रार करायला निघाला तेव्हा त्याची अडचण पाहण्यासारखी होती. काय करीत असताना हे घडले, ते पोलिसांना सांगायचे कसे? चाच्याच्या जहाजावर आपण पाहुणे म्हणून चढतो आणि लूट आपलीच होते, ती अशी. फुकट ते पौष्टिक, असे आपण थट्टेने म्हणतो. त्या पौष्टिकाने त्याच्या परीक्षेची फी गिळली.

इथे एक आक्षेप मात्र मला मनापासून मान्य आहे. सगळ्या चोरट्या प्रती सारख्या नसतात. ‘नोस्फेराटू’ हा १९२२ सालचा जर्मन मूकपट परवानगीशिवाय ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून काढला होता. कादंबरीकाराच्या विधवेने दावा लावला आणि न्यायालयाने त्याच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काही प्रती त्या हुकमातून निसटल्या, म्हणून चित्रपटकलेचा एक अजोड नमुना आज आपल्याला पाहायला मिळतो. जुने मराठी चित्रपट शोधताना हीच अडचण येते. कित्येकांची विकतची प्रत मिळत नाही आणि मालक कोण तेही सापडत नाही. अशा वेळी कोणा हौशी माणसाने जुनी कॅसेट जपून ठेवली असेल, तर त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हक्क धरून बसायचे आणि चित्रपट मात्र कपाटात कुजू द्यायचा, हाही रसिकांवरचा अन्यायच आहे. निर्मात्यांनी आपला माल वाजवी दरात आणि सहज मिळेल असा ठेवला, तर निम्मी चोरी आपोआप थांबेल, असे मला वाटते. पण ‘मिळत नाही म्हणून घेतले’ आणि ‘मिळते, पण फुकट हवे म्हणून घेतले’ या दोहोंत अंतर आहे. आमचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या जातीचा होता. चित्रपट भाड्याने रीतसर मिळत होता, आणि आठ जणांत वाटले असते तर चहाच्या एका फेरीपेक्षा फार जास्त खर्च आला नसता.

मग करावे काय? उपदेश करून थांबणे हा लेखकांचा जुना दोष आहे. म्हणून एक सूचना करतो. कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात एक सवलत आहे. शिक्षणसंस्थेने आपल्या उपक्रमाचा भाग म्हणून, केवळ विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि त्या उपक्रमाशी प्रत्यक्ष संबंधित माणसांपुरता चित्रपट दाखवला, तर तो हक्कभंग ठरत नाही. आपल्या महाविद्यालयात सभागृह आहे, प्रोजेक्टर आहे, आणि तो वर्षातून फारतर चार वेळा पाहुण्यांच्या व्याख्यानाला बाहेर निघतो. मग चित्रपट मंडळ का नसावे? ग्रंथालयाने पुस्तकांसारख्या चित्रपटांच्याही रीतसर विकत घेतलेल्या प्रती ठेवाव्यात. महिन्याच्या एका शनिवारी एक चित्रपट दाखवावा आणि नंतर तासभर कडाक्याचे भांडण व्हावे. प्राध्यापक मंडळींनीही त्यात उतरावे. आठ जणांचे भांडण दोन खाटांवर एवढे रंगते, तर दोनशे जणांचे सभागृहात किती रंगेल! आणि नवा मराठी चित्रपट लागला की पहिल्याच आठवड्यात, शक्य असेल त्याने, एक तिकीट काढावे. तो आवडला नाही तर बाहेर येऊन खुशाल शिव्या द्याव्यात. तिकीट काढलेल्या माणसाच्या शिव्यांना वजन असते.

‘डेड मॅन्स चेस्ट’ला मी नंतर पैसे दिले. भाड्याने घेऊन तो पुन्हा पाहिला, या वेळी श्रेयनामावलीसकट. फार काही पुण्य केले असे वाटले नाही. जुनी उधारी चुकती केल्यावर दुकानासमोरून जाताना मान वर करता येते, तेवढेच वाटले. चित्रपटाबद्दलचे माझे मतही बदलले नाही. तो लांबच आहे, आणि शेवट अधांतरीच आहे. पण शेवटी एलिझाबेथ जॅकला डोलकाठीशी साखळीने जखडते आणि त्याचे कर्ज अखेर त्याच्यापाशीच येऊन उभे राहते, तो प्रसंग या वेळी मी हसण्यावारी नेला नाही. नव्याण्णव जीव गोळा करून झाले, कायद्याचा कीस काढून झाला, मित्र गहाण ठेवून झाला. पण सावकार आला तो थेट त्याच्याच दारी.

परवा मामांचा फोन आला होता. सहज विचारले, “हल्ली काय बघतोस?” मी चित्रपटाचे नाव सांगितले. त्यावर ते म्हणाले, “थेटरात? किती माणसं होती?”

मी मोजली नव्हती. पुढच्या खेपेला मोजीन.